हिला बारा पूर्ण व्हायचेत

एसटीत कंडक्टर जवळ आला की आपल्याकडच्या आया एक वाक्य हमखास बोलतात : "हिला बारा पूर्ण व्हायचेत." पोरगी आईच्या खांद्याला लागलेली असते. कंडक्टर एकदा पोरीकडे बघतो, एकदा आईकडे बघतो आणि मशीनमधून अर्धं तिकीट काढून देतो. कधी कधी पोरगीच घात करते. "आई, मी आता सातवीत ना?" असं ती भर गाडीत विचारते आणि पुढच्या दोन सीटवरचे लोक हसतात.

बारा वर्षं हा आपल्या प्रवासातला मोठा उंबरठा आहे. एसटीत पाच ते बारा अर्धं. रेल्वेत पाचच्या आत फुकट आणि बाराच्या आत अर्धं, पण २१ एप्रिल २०१६ पासून ते अर्धं वेगळा बर्थ नको असेल तरच. बर्थ हवा असेल तर सात वर्षांच्या पोराचंही पूर्ण भाडं. हे आपल्याला पाठ असतं. युरोपातही असे उंबरठे आहेत, फक्त ते प्रत्येक देशात वेगळ्या उंचीचे आहेत, आणि घरातली पोरंबाळं घेऊन तिकडे जाणाऱ्याला खरा फायदा किंवा तोटा तिथेच होतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या शेजारी अण्णा राहतात, वैजापूरच्या मार्केटात कांद्याची आडत आहे त्यांची. धाकटा भाऊ म्युनिकला नोकरीला. त्याने बोलावलं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली पाचही माणसं निघाली : अण्णा, वहिनी, पोरगी, सात वर्षांचा पोरगा आणि आजी. मी पडलो मास्तर, त्यामुळे कागद माझ्याकडे आले. "सर, हा पास घ्यावा म्हणतोय धाकटा. तुम्ही जरा आकडे बघा."

कागद युरेल पासाचा होता. अण्णांना तो एका वाक्यात समजला, कारण आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' त्यांनी वापरला आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा, मग कुठल्याही स्टँडवरून बसा आणि कुठेही उतरा. युरेल हे त्याचंच थोरलं भावंड, आकाराने आणि वयानेही : ते १९५९ मध्ये सुरू झालं. युद्धातून सावरणाऱ्या युरोपला परदेशी पाहुणे हवे होते, त्यांचे डॉलरही हवे होते. म्हणून पश्चिम युरोपातल्या तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून एक पास काढला आणि तो फक्त बाहेरून येणाऱ्यांना विकायचा असं ठरवलं. स्थानिक माणसाला तो मिळत नसे. युरोपातल्या रहिवाशांसाठी इंटररेल हा वेगळा पास १९७२ मध्ये आला, तोही सुरुवातीला एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी. आज दोन्ही पास तेहेतीस देशांत चालतात.

पास कोणता, हे पासपोर्टावर ठरत नाही, राहत्या पत्त्यावर ठरतं. धाकट्याच्या खिशात भारतीय पासपोर्ट आहे, पण तो म्युनिकला राहतो, म्हणून त्याला इंटररेल. त्याची आई वैजापूरला राहते, म्हणून तिला युरेल. गंमत म्हणजे इंटररेलवाल्याला स्वतःच्या देशात तो पास फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला वापरता येतो. आई जर्मनीभर हिंडू शकते आणि लेकाला मात्र तिथल्या बाकीच्या प्रवासाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आपल्याकडेही परदेशी पाहुण्यांसाठी इंडरेल पास होता, डॉलरमध्ये विकला जायचा. तो आता बंद झाला.

आता वयाचा हिशेब. युरेलवर चार ते अकरा वर्षांची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, एका मोठ्यामागे दोन मुलं. बारा ते सत्तावीस ही तरुणांची वेगळी सूट. साठच्या पुढे ज्येष्ठांना दहा टक्के कमी. वय धरायचं ते पासाच्या पहिल्या दिवसाचं. हे वाचलं आणि वहिनींनी ते वाक्य उच्चारलं. पोरीला चार जूनला बारा पूर्ण होणार होती.

इकडे आजींची जन्मतारीख एक जून. आपल्या भागात या तारखेला जन्मलेली माणसं किती आहेत, हे कुठल्याही शाळेच्या जनरल रजिस्टरात बघावं. पोर शाळेत आणलं, तारीख विचारली, घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजींनी लिहिलं १ जून, म्हणजे शाळाप्रवेशाच्या वयाचा हिशेब जुळतो. मीही मास्तर असल्यामुळे हे जरा दबक्या आवाजात लिहितो. तर आजी कागदावर येत्या एक जूनला साठ वर्षांच्या होणार होत्या. त्यांच्या स्वतःच्या मते साठी कधीच उलटून गेली होती.

म्हणजे नात फुकट जायची तर पास चार जूनच्या आत सुरू व्हायला हवा, आणि आजींना ज्येष्ठांची सूट हवी तर एक जूनच्या आधी सुरू होता कामा नये. मध्ये उरले तीन दिवस. अण्णांनी कॅलेंडरवर १, २ आणि ३ जूनला गोल केला आणि एखादा चांगला सौदा जमल्यासारखे माझ्याकडे बघत बसले. मलाही जमला असंच वाटलं. दोन दिवसांनी कळलं की हा सगळा उद्योग ज्या पासासाठी चालला होता, तो पासच त्यांना नको होता.

का नको, ते समजायला आपल्या भाषेतले दोन शब्द पुरतात : सवलत आणि सूट. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते वेगळे आहेत. सवलत मिळते ती तुम्ही कोण आहात यावरून : लहान मूल, म्हातारं माणूस, विद्यार्थी. ती सरकार देतं, आणि काढूनही घेऊ शकतं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत, साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना पन्नास, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून परत आलेली नाही. सूट ही दुकानदाराची चीज आहे. ती तुम्ही कोण यावर मिळत नाही. तुम्ही काय सोडायला तयार आहात यावर मिळते. युरोपातली स्वस्त तिकिटं बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत. तिथे तुम्ही सोडता ते म्हणजे मन बदलण्याची मोकळीक.

जर्मनीचं उदाहरण घ्या. म्युनिकहून बर्लिनचं तिकीट आयत्या वेळी स्टेशनवर काढलं तर पूर्ण भाव. मग दिवसभरात कुठल्याही गाडीत बसा. तोच प्रवास दोन-तीन महिने आधी 'स्पारप्राइस' म्हणजे बचतीच्या भावात काढला तर पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्यात किंवा त्याहून कमीत होतो. पण ते तिकीट एका ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. सकाळच्या नऊच्या गाडीचं तिकीट अकराच्या गाडीत चालत नाही. त्यातलं सगळ्यात स्वस्त तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत. इटली, फ्रान्स, ऑस्ट्रिया, सगळीकडे नावं वेगळी आणि व्यवहार हाच.

अण्णांना हे समजावायला मी तयारी करून बसलो होतो. त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हणजे सर, कांदा चाळीत ठेवता येतो, सीट नाही ठेवता येत." बरोबर तेच. गाडी सुटली की रिकाम्या सीटची किंमत शून्य. म्हणून रेल्वे आधी स्वस्तात काही सीट विकून टाकते, जसजशा भरत जातात तसा भाव चढवते, आणि शेवटी घाईत येणाऱ्याकडून पूर्ण वसूल करते. ही युक्ती अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी आधी पक्की केली. फ्रान्सच्या रेल्वेने तर अमेरिकन एअरलाइन्सच्या सेबर या बुकिंग यंत्रणेवर बेतलेली सोक्रात नावाची यंत्रणा १९९३ मध्ये आणली, आणि सुरुवातीला तिच्यामुळे इतका गोंधळ उडाला की प्रवासी तिकिटांसाठी ताटकळत राहिले. आपल्याकडे राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला ९ सप्टेंबर २०१६ पासून हाच हिशेब लागला : दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढायचं, जास्तीत जास्त दीडपटीपर्यंत. फरक इतकाच, की आपल्याकडे भाव मूळ भाड्यावरून वर चढतो, आणि तिकडे आधी येणाऱ्यासाठी तो मूळ भाड्याच्या पुष्कळ खाली उतरलेला असतो.

युरेल पास विकतो ते याच्या बरोबर उलट : मोकळीक. सकाळी उठा, खिडकीतून बघा, पाऊस आहे तर दुसरीकडे जा. वीस-बावीस वर्षांचा एकटा पोरगा महिनाभर हिंडणार असेल तर त्याला ही मोकळीक सोन्यासारखी. पण आजी आणि दोन पोरं घेऊन निघालेल्या घराचं काय? त्यांची हॉटेलं आधीच ठरलेली, व्हिसाच्या अर्जासोबत रोजचा कार्यक्रम लिहून दिलेला. जी मोकळीक वापरायचीच नाही, तिचे पैसे कशाला भरायचे?

शिवाय पासात एक बारीक अक्षरांतली गोष्ट आहे. फ्रान्सच्या टीजीव्हीत, इटलीच्या फ्रेच्यारोसात, स्पेनच्या जलद गाड्यांत पास असला तरी जागा वेगळी राखावी लागते, आणि तिचे पैसे दर माणशी दर गाडीला वेगळे. फुकट पास मिळालेल्या पोरालाही ते सुटत नाहीत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ही सक्ती नाही. म्हणून पासाचा सौदा कुठे बसतो हे देशांवर आणि दिवसांवर ठरतं. आठ-दहा दिवस जवळजवळ रोज लांबचा प्रवास असेल तर पास उचलावा. तीन-चार गाड्याच असतील तर नको. आमच्या शेजाऱ्यांच्या पहिल्या कागदावर म्युनिक, पॅरिस, रोम, झुरिक अशी चार गावं होती. आजींच्या गुडघ्यांनी त्यातली दोन कमी केली. उरल्या दोन मोठ्या गाड्या, एक जायची आणि एक यायची.

मग पैसे वाचले कुठे? वाचले ते पोरांच्या उंबरठ्यांवर. जर्मनीत सहाच्या आतलं मूल फुकट आणि चौदा वर्षांपर्यंतची मुलं लांबच्या गाड्यांत आईबापांबरोबर फुकट. अट एकच : तिकीट काढताना मुलांची संख्या त्यावर घालायची. पैसे शून्य लागतात म्हणून माणूस तो रकाना सोडून देतो आणि गाडीत अडचणीत येतो. जर्मनीत स्टेशनवर दरवाजे नाहीत, कोणी अडवत नाही, तपासणी गाडीत होते. आणि विनातिकीट सापडलं तर दंड निदान साठ युरो. "अहो, छोटा आहे तो," हे तिथे चालत नाही, कारण पासपोर्ट जवळच असतो.

स्वित्झर्लंडचा उंबरठा याहून उंच. बाहेरच्या पाहुण्यांसाठी तिथे स्विस ट्रॅव्हल पास आहे : तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा. रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, शेकडो म्युझियम, सगळं त्यात. तो घेताना मागून घेतलं तर स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि त्यावर सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईबापांबरोबर फुकट फिरतात. पण मागावं लागतं. ज्येष्ठांना या पासात काहीच नाही. म्हणजे आजींची एक जूनची तारीख इथे वाया. आणि ब्रिटनला गेलात तर पाचच्या आत फुकट, पाच ते पंधरा अर्धं. शिवाय तिथलं फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढलं तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट, फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळेची बंधनं सांभाळायची.

तेव्हा तीच आमची पोरगी, तोच फ्रॉक, तेच दप्तर. चार जूनच्या सकाळी युरेलच्या आणि फ्रान्सच्या रेल्वेच्या दृष्टीने ती मोठी झाली. जर्मनीत ती अजून तीन वर्षं मूल राहणार आणि स्वित्झर्लंडमध्ये चार. घरच्यांनी जर्मनी आणि स्वित्झर्लंड ठेवलं आणि फ्रान्स सोडलं ते आजींच्या गुडघ्यांमुळे, पण तिकिटांचा हिशेब मांडला असता तरी उत्तर हेच आलं असतं.

स्वित्झर्लंडला आणखी एक पेच आहे, आणि मराठी माणूस त्यात हटकून अडकतो, कारण आपल्याला युंगफ्राऊयोख बघायचंच असतं. ३,४५४ मीटर उंचीवरचं हे स्टेशन १९१२ पासून चालू आहे. ट्रॅव्हल पासवर गाडी ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच फुकट, पुढच्या महागड्या टप्प्यावर फक्त पंचवीस टक्के सूट. त्याऐवजी महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड घेतलं तर सगळीकडे साधारण निम्मं भाडं, डोंगरावरही. रोज लांब हिंडणार असाल तर पास, एका जागी राहून एक-दोन मोठे डोंगर चढणार असाल तर कार्ड. फॅमिली कार्ड दोन्हींबरोबर मिळतं. अण्णांनी कार्ड घेतलं. आजी वर गेल्या नाहीत. एवढ्या उंचीवर जायला त्यांच्या डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. त्या खाली बाकावर बसून गाईंच्या घंटा ऐकत राहिल्या आणि परत आल्यावर बर्फापेक्षा त्या गाईंच्या कासेचंच वर्णन जास्त करत होत्या.

पोरांना मात्र सगळ्यात जास्त आवडली ती एक फुकटची गोष्ट. स्विस रेल्वेच्या लांबच्या दुमजली गाड्यांत एका डब्याच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळायची जागा असते, जंगलाच्या चित्रांची, घसरगुंडीसकट. बाहेर तळं आणि डोंगर पळतायत, आणि सात वर्षांचा पोरगा त्यांच्याकडे पाठ करून घसरगुंडीवर. वहिनी म्हणाल्या, "एवढे पैसे भरून आणलं, बाहेर बघ म्हटलं तर बघेना." तिकिटाचा कुठलाही हिशेब इथे कामाचा नाही.

म्युनिकच्या आसपास हिंडायला वेगळाच तोडगा. बायर्न-तिकीट नावाचं दिवसाचं तिकीट आहे. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर. पहिल्या माणसाचे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडे थोडे. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालू होतं, शनिवार-रविवारी आधीच. त्यावर जलद गाड्यांत बसता येत नाही. आपल्या पॅसेंजरसारख्या गाड्यांत मात्र अख्खा बव्हेरिया, आणि वर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत. घरची माणसं नेमकी पाच. धाकट्याकडे महिन्याचं डॉइचलँड-तिकीट होतंच. हे मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. देशभरातल्या साध्या गाड्यांना चालतं. पाहुण्यालाही घेता येतं, पण ते दरमहाचं वर्गणीचं खातं असल्यामुळे वेळेत बंद करायला विसरलात तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात.

तिकीट काढताना दोन गोष्टी आमच्याकडूनच चुकता चुकता राहिल्या. एक म्हणजे नाव. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. वहिनींच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं. तिकिटावर नाव पासपोर्टाशी जुळायला हवं, म्हणून पासपोर्ट समोर उघडून एकेक अक्षर टाकावं. दुसरी रात्रीच्या गाडीची तारीख. हे दुखणं रोटेगाव स्टेशनवरून प्रवास करणाऱ्यांना नवं नाही. रात्री साडेबाराची गाडी म्हणजे आजची की उद्याची, यावर घरोघरी भांडणं झाली आहेत. युरोपातही बारानंतर तारीख बदलते.

आणि गाडी उशिरा आली तर? येते, जर्मनीत तर बऱ्याचदा येते. मुक्कामाला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की जर्मन बचतीच्या तिकिटाचं गाडीशी असलेलं बंधन सुटतं, मग पुढची कुठलीही गाडी धरा. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासभर उशीर झाला तर भाड्याचा पाव हिस्सा परत, दोन तासांहून जास्त झाला तर अर्धा. त्याला काही अपवाद आहेत, आणि पैसे अर्ज केल्याशिवाय येत नाहीत. धाकट्याने परतीच्या गाडीचा असा अर्ज केला. अण्णांना या गोष्टीचं सगळ्यात जास्त नवल वाटलं. मार्केटात गेल्यावर त्यांनी युंगफ्राऊयोखबद्दल एक शब्द सांगितला नाही, हीच गोष्ट दहा जणांना सांगितली.

परत येताना मुंबईहून रेल्वेने नाशिक रोड, आणि तिथून एसटीने वैजापूर. येवल्याच्या अलीकडे कंडक्टर आला. पोरीच्या हातात पासपोर्ट होता, आणि तो तिने मुद्दाम उघडून धरला होता, कारण आई आता काय बोलणार ते तिला माहीत होतं. वहिनींनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझं पूर्ण द्या. चार जूनला बारा झाली मला."

कंडक्टरने पासपोर्टाकडे बघितलंसुद्धा नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे.

"एक पूर्ण, चार अर्धी," तो मशीन दाबत म्हणाला. पूर्ण होतं ते अण्णांचं.